डिस्कचें दुखणें व टिपणवही

आमच्या लहानपणीं घरांतील महत्त्वाचे कागद लाल रुमालांत बांधून माळ्यावरील पेटींत ठेवण्याची चाल होती. त्या पेटीस वाळवी लागे, उंदीर शिवत, पावसाळ्यांत दमट हवा बाधे. परंतु रुमाल सोडला म्हणजे कोणत्या कागदाची काय अवस्था झाली आहे तें डोळ्यांना दिसे. हल्लीं त्या पेटीची जागा तळहाताएवढ्या एका काळ्या डबीनें घेतली आहे. लग्नमुंजींचीं छायाचित्रें, घराचें खरेदीखत, मुलांचे निकाल, गेलेल्या माणसांचे आवाज, सारें तींत. ही डबी, म्हणजे बाहेरून जोडावयाची हार्ड डिस्क, आजारी पडली म्हणजे वरून कांहींच कळत नाहीं. ती पूर्वींइतकीच काळी व गुळगुळीत असते. फक्त संगणकाला जोडल्यावर उघडत नाहीं.

आमच्या घरीं हा प्रसंग २०२२ सालच्या पितृपंधरवड्यांत आला. आजीच्या तिथीला काका-काकू, आत्या, मुलेंबाळें अशीं सारीं जमलीं होतीं. जेवणें उरकल्यावर आजीचा आवाज ऐकावा असें कोणी तरी सुचविलें. आमच्या वडिलांनीं २००९ सालीं तिच्या जात्यावरील ओव्या ध्वनिमुद्रित करून ठेविल्या होत्या, आणि ते गेल्यानंतर ती फाइल केवळ या एका डबींत उरली होती. माझ्या पुतण्यानें डबी जोडली. पडद्यावर सूचना उमटली कीं, ही डिस्क वापरण्यापूर्वीं फॉरमॅट करणें आवश्यक आहे, करावयाची काय? त्याचें बोट होकाराकडे वळलेंच होतें. इतक्यांत आमच्या वहिनी म्हणाल्या, “थांब रे. आवश्यक आहे असं कोण म्हणतंय, आणि कशासाठी, तें आधीं कळूं दे.”

त्या सूचनेचा खरा अर्थ समजावून घेण्यासारखा आहे. डिस्कवर माल निराळा असतो आणि मालाची वही निराळी असते. एका मोठ्या कोठीघरांत लाखों डबे आहेत, कोणत्याहि डब्यावर नांव नाहीं, आणि कोणता जिन्नस कोणकोणत्या डब्यांत विभागून ठेविला आहे हें केवळ दारापाशीं टांगलेल्या वहींत लिहिलेलें आहे, अशी कल्पना करावी. ही वही व ती लिहिण्याचे नियम यांस मिळून फाइल सिस्टिम म्हणतात. वहीचें पहिलें पान फाटलें तर नवखा माणूस दारांतूनच म्हणेल, येथें कांहीं व्यवस्थाच दिसत नाहीं, कोरी वही घालूं काय? फॉरमॅट करणें म्हणजे ही कोरी वही घालणें. जलद फॉरमॅटनें डबे बहुतेक तसेच राहतात, जुनी वही तेवढी जाते. परंतु २००७ सालीं बाजारांत आलेल्या विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट केल्यास डबा न्‌ डबा रिकामा करून त्यांत शून्यें भरलीं जातात, आणि मग कोणाचाहि इलाज चालत नाहीं. सूचना विचारते ती अशी सहज, जणूं काय चहा घेणार का म्हणून!

वही लिहिण्याच्या पद्धति अनेक आहेत. १९७७ च्या सुमारास निघालेली फॅट ही जुनी व साधी. तिची ३२ अंकी आवृत्ति १९९६ सालीं आली. तींत खतावणीच्या दोन प्रती असतात, मात्र ४ गिगाबाइटांची मर्यादा ओलांडणारी फाइल मावत नाहीं. १९९३ सालीं विंडोज एनटीबरोबर आलेल्या एनटीएफएस पद्धतींत, तसेंच २००१ पासून लिनक्समधील ईएक्सटी-३ मध्यें, एक शहाणपणाची सोय आहे, आणि ती आपल्या जुन्या पेढीवाल्यांना न सांगतां समजली असती. खतावणींत फेरफार करण्यापूर्वीं तो एका रोजकीर्दींत टिपावयाचा व मग खतावणींत चढवावयाचा. मध्येंच वीज गेली तर पुढच्या खेपेस रोजकीर्द पाहून अर्धवट नोंद पुरी करतां येते किंवा रद्द करतां येते. अर्थात्‌ रोजकीर्द प्रायः वहीचें रक्षण करते, मालाचें नव्हे; फाइलींतील मजकूर अर्धा लिहिला गेला असेल तर तो अर्धाच राहतो.

२००६ सालीं निघालेल्या एक्सफॅटमध्यें मोठमोठ्या फाइली मावतात, विंडोज व मॅक या दोन्ही यंत्रांना ती वाचतां व लिहितां येते. पण तींत रोजकीर्द नाहीं, आणि खतावणीहि बहुधा एकच. आमची डबी या पद्धतीची होती. पुतण्याच्या कचेरींतील यंत्र मॅक, घरचें विंडोज. दोहींकडे चालावी म्हणून मींच ती तशी करून घेतली होती. सोय पाहिली, जोखीम पाहिली नाहीं.

डिस्कचें दुखणें तीन ठिकाणीं असूं शकतें. वहींत, मालाच्या डब्यांत, किंवा वाटेवर. वहींतला बिघाड म्हणजे नोंदी एकमेकींशीं न जुळणें. वीज जाणें, डबी ‘इजेक्ट’ न करतां उपटून काढणें ही त्याचीं नेहमींचीं कारणें. डब्यांतला बिघाड म्हणजे प्रत्यक्ष तबकडीचा पृष्ठभाग नासणें. या तबकड्या मिनिटाला बहुधा ५,४०० फेरे घेतात आणि वाचणारें टोंक त्यांना न शिवतां कांहीं नॅनोमीटरांच्या अंतरावरून तरंगत जातें. चालत्या डबीला मेजावरून खालीं येण्याचा एकच प्रसंग पुरतो. वाटेवरचा बिघाड म्हणजे सैल झालेली वायर, डबीच्या आंतलें जोडयंत्र, किंवा अपुरी वीज. यूएसबी २ च्या खांचेंतून नियमाप्रमाणें ५०० मिलिअँपिअर मिळतात, यूएसबी ३ मधून ९००. तबकडी फिरूं लागण्याच्या क्षणीं डिस्क याहून अधिक मागूं शकते. लांब, बारीक वायर असली म्हणजे मग डबी दिसते न दिसते असें होतें, आणि आपण बिचाऱ्या डिस्कला बोल लावतों.

पंचाईत अशी कीं या तिन्ही दुखण्यांचें वरवरचें लक्षण एकच: डबी उघडत नाहीं. इलाज मात्र परस्परविरोधी. वही दुरुस्त करणें हा पहिल्या दुखण्यावर उपाय आहे, पण दुसऱ्यांत तोच घातक ठरूं शकतो. आणि तिसऱ्यांत तर वायर बदलण्यापलीकडे कांहींच करावयाचें नसतें. म्हणून दुखणें कोणतें तें अगोदर ठरवावें लागतें, व त्यासाठीं पूर्वेतिहास लागतो. वैद्य नाडी पाहण्याआधीं ताप केव्हांपासून आहे तें विचारतो, तसेंच हें.

आमच्याकडे हा इतिहास मिळाला तो स्वयंपाकघरांत. वहिनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेंत दूध, इस्त्रीवाला, गॅसचा सिलिंडर यांच्या नोंदी ठेवतात. त्याच चौकोनांत त्यांनीं बारीक अक्षरांत लिहिलें होतें. १२ जून: डबी दिसेना, वायर काढून लावल्यावर दिसली. ३ जुलै: मुंजीचे फोटो उघडायला फार वेळ, दुसरी वायर लावली तरी तेंच. २० ऑगस्ट: फोटो भरतांना वीज गेली, नंतर डबी लावली नाहीं. आम्हां शिकल्यासवरल्या पुरुषांपैकीं कोणालाहि यांतील एक तारीख सांगतां आली नसती. मला आठवत होतें तें एवढेंच कीं, ‘मध्यंतरीं जरा त्रास देत होती.’

या तीन ओळी वाचून पाहाव्या. पहिलीवरून संशय वायरीवर जातो. दुसरीनें वायर बरीचशी निर्दोष सुटते, कारण ती बदलूनहि मंदपणा गेला नाहीं. तेव्हां तबकडीकडे पाहिलें पाहिजे. तिसरी सांगते कीं वही लिहिली जात असतां वीज गेली, आणि वहीला रोजकीर्द तर नव्हतीच. म्हणजे एक नव्हे, दोन दुखणीं एकावर एक चढलेलीं होतीं.

संगणकहि आपल्या परीनें नोंदी ठेवीत असतो. विंडोजमध्यें ‘इव्हेंट व्ह्यूअर’ म्हणून एक दप्तर आहे. त्याच्या ‘सिस्टिम’ भागांत ‘डिस्क’ या नांवाखालीं क्रमांक ७ आढळला तर वाचतां न येणारी जागा लागली असें समजावें. ‘एनटीएफएस’ या नांवाखालीं क्रमांक ५५ असेल तर खतावणीची रचना बिघडली आहे. संगणक सुरू होतांना केलेल्या तपासणीचा अहवाल ‘ॲप्लिकेशन’ भागांत ‘विनइनिट’ या नांवानें क्रमांक १००१ खालीं सांपडतो. लिनक्सवर ‘डीमेसेज’ ही आज्ञा दिली कीं कोणत्या सेक्टरावर वाचन अडलें त्याचा आंकडाच मिळतो. सेक्टर म्हणजे डिस्कवरील लहानांतला लहान खण. पूर्वीं तो ५१२ बाइटांचा असे, २०११ पासून निघालेल्या डिस्कांत तो बहुशः ४,०९६ बाइटांचा असतो. आमच्या यंत्राच्या दप्तरांत ३ जुलैच्या तारखेस क्रमांक ७ च्या चार नोंदी निघाल्या. दिनदर्शिका व दप्तर यांची साक्ष जुळली.

मग हातानें लिहिण्याची गरज काय, असें कोणी विचारील. गरज अशी कीं, हें दप्तर ठराविक आकाराचें, सामान्यतः २० मेगाबाइटांचें असतें. तें भरलें म्हणजे जुन्या पानांवर नवीं पानें लिहिलीं जातात. शिवाय तें त्या संगणकाचें असतें, डबीचें नव्हे. डबी मुंबईस पुतण्याच्या यंत्रावर अडखळली तर पुण्याच्या यंत्राला त्याची गंधवार्ताहि नसते. डबी घरांत फिरते, दप्तरें जागच्या जागीं राहतात.

डिस्क स्वतःची एक पत्रिका मात्र बरोबर बाळगते. तिला ‘स्मार्ट’ म्हणतात, आणि ‘स्मार्टसीटीएल’ नांवाच्या मोफत साधनानें ती वाचतां येते. कांहीं डब्यांचें जोडयंत्र ती बाहेर येऊंच देत नाहीं, ही गोष्ट निराळी. तींतील कलमें बहुत, पण सामान्य गृहस्थानें चार पाहावीं. ५ व्या कलमांत बदलीची जागा दिलेल्या सेक्टरांची संख्या असते. १९७ व्यांत संशयित, अद्याप निकाल न लागलेले. १९८ व्यांत तपासणींत वाचतांच न आलेले. १९९ वें कलम डिस्क व जोडयंत्र यांच्यामधील वाहतुकींतल्या चुका मोजतें. आमच्या डबीचें ५ वें कलम ८ होतें, १९७ वें २४, आणि १९९ वें शून्य. तासाभरानें पुन्हां पाहिलें तों १९७ वें २४ चें ४० झालें होतें. आंकडा किती आहे यापेक्षां तो चढतो आहे काय, याकडे लक्ष असावें. गंमत अशी कीं एवढें असून पत्रिकेच्या माथ्यावर सर्वसाधारण निकाल ‘उत्तीर्ण’ असाच होता! मी जन्मभर शिक्षकी केली असल्यामुळें या निकालाचें मला फारसें नवल वाटलें नाहीं.

एवढें कळल्यावर घरांत दोन पक्ष पडले. पुतण्या म्हणे, चेकडिस्क चालवून मोकळे होऊं. हें विंडोजमधील जुनें तपासणीसाधन आहे. नुसतें चालविलें तर तें वाचून दोष सांगतें; त्यापुढें ‘एफ’ जोडला म्हणजे दुरुस्त करतें; ‘आर’ जोडला म्हणजे दुरुस्तीबरोबर सेक्टर न्‌ सेक्टर वाचून पाहतें. त्यानें तें नुसतें चालविलें तेव्हां उत्तर आलें कीं, या डिस्कची फाइल सिस्टिम ओळखतां येत नाहीं, सबब तपासणी होणें नाहीं. मला त्या उत्तरानें हायसें वाटलें. चेकडिस्क हा मोठा प्रामाणिक पण कोरडा मुनीम आहे. वही जुळली पाहिजे हा त्याचा धर्म. माल हातीं लागतो कीं नाहीं याची त्याला फारशी चाड नाहीं. ज्या तुकड्यांचा धनी सांपडत नाहीं ते तो ‘फाउंड’ नांवाच्या एका कप्प्यांत अनुक्रमांक घालून टाकतो, आणि मग मुंजीचें छायाचित्र कोणतें व विम्याचा कागद कोणता हें आपण एकेक उघडून शोधीत बसावें. लिनक्समधील ईएक्सटी-३ सारख्या पद्धतींत अशा अनाथ फाइलींसाठीं ‘लॉस्ट फाउंड’ नांवाचा कप्पा आधींपासूनच करून ठेविलेला असतो! तबकडी शाबूत असतां ही दुरुस्ती ठीक आहे. पण नासत चाललेल्या तबकडीवर वहीची खाडाखोड करणें म्हणजे पडक्या भिंतीला आंतून खिळे ठोकणें.

म्हणून आधीं नक्कल, मग दुरुस्ती, आणि तीहि नकलेवरच, असें ठरलें. (तबकडी फिरतच नसेल किंवा सारखी टकटक ऐकूं येत असेल तर मात्र घरगुती वैद्यकी बंद करून धूळविरहित खोली असलेल्या जाणकारांकडेच जावें.) ४ टेराबाइटांची नवी डिस्क आणली. पुतण्यानें एका पेनड्राइव्हवर लिनक्स घेऊन संगणक त्यावर चालू केला, आणि रोगी डबी न उघडतां, म्हणजे तिच्या वहीकडे न पाहतां, पहिल्या सेक्टरापासून शेवटच्यापर्यंत जशीच्या तशी नक्कल करणारें ‘डीडीरेस्क्यू’ हें साधन लाविलें.

या साधनाचें मला जें विशेष आवडलें तें त्याची नोंदवही. नेहमींची नक्कल अडलेल्या जागीं डोकें आपटीत राहते. हें तसें करीत नाहीं. वाचतां येईल तें आधीं भराभर घेतें, अडेल तेथून पुढें सरकतें, आणि प्रत्येक जागेचा हिशेब एका साध्या मजकुराच्या फाइलींत लिहितें: वाचलें त्यापुढें अधिक चिन्ह, वाचतां आलें नाहीं त्यापुढें उणें, अद्याप गेलों नाहीं तेथें प्रश्नचिन्ह. मध्यें वीज गेली, डबी तापली, काम थांबविलें, तरी कांहीं बिघडत नाहीं. वही पाहून पुढें चालूं करावें. आमचा संगणक जुना, खांच यूएसबी २ ची, त्यामुळें १ टेराबाइटाची पहिली फेरीच रात्रभर चालली. डबीवर टेबलपंखा सोडला होता. वहिनी पहांटे उठून पाहून गेल्या व दिनदर्शिकेंत टिपून ठेविलें: ‘अर्ध्याच्या वर झालें.’ पुढें दोन दिवस अडलेल्या जागांवर पुन्हां पुन्हां प्रयत्न झाले. शेवटीं उणें चिन्हाचे ९६ सेक्टर राहिले, म्हणजे ३,९३,२१६ बाइट. १ टेराबाइटांतून एवढेंच गेलें!

आतां वहीची दुरुस्ती. नकलेची आणखी एक नक्कल केली व तिच्यावर हात चालविला. एक्सफॅटच्या पहिल्या १२ सेक्टरांत डिस्कची मूळ ओळख लिहिलेली असते, आणि लगेच पुढल्या १२ सेक्टरांत तिचीच दुसरी प्रत असते. वीज गेली त्या दिवशीं पहिलें पान बिघडलें असावें. दुसरें शाबूत होतें. तें पहिल्याच्या जागीं लिहितांच कप्पे पूर्ववत्‌ दिसूं लागले, नांवांसकट. ज्या पानावरून संगणक ‘फॉरमॅट करूं काय’ म्हणून विचारीत होता त्याची प्रत त्याच्याच शेजारच्या घरांत होती.

गेलेले ९६ सेक्टर कोणाच्या वांट्याचे, हेंहि शोधतां आलें. त्या रिकाम्या जागांत एक खुणेचा शब्द भरावयाचा, आणि तो शब्द कोणकोणत्या फाइलींत उमटला तें पाहावयाचें. बरेचसे सेक्टर मोकळ्या जागेंतले निघाले. मुंजीच्या दोन छायाचित्रांचा खालचा अर्धा भाग राखाडी झाला; एकांत आचारी तेवढे गेले, दुसऱ्यांत मी. आणि १२ सेक्टर आजीच्या ध्वनिमुद्रणांत होते.

आतां डबीसाठीं एक स्वतंत्र वही केली आहे. तींत तारीख, कोणतें यंत्र, कोणती वायर, पडद्यावरील सूचनेचे शब्द जसेच्या तसे, आणि त्यावर आपण काय केलें, इतकें लिहितों. शब्द जसेच्या तसे लिहिण्याचा आग्रह माझा. ‘चालत नव्हती’ या दोन शब्दांवरून तिन्ही दुखणीं सारखींच दिसतात. दर तीन महिन्यांनीं ५ व १९७ या कलमांचे आंकडे उतरून घेतों. संग्रहाची एक प्रत पुण्यास, दुसरी पुतण्याकडे मुंबईस, आणि दोन्ही डबींच्या पाठीवर खरेदीची तारीख चिकटविली आहे. जुनी डबी टाकून दिली नाहीं. तिच्यावर ‘लिहूं नये’ अशी चिठ्ठी लावून ती माळ्यावरच्या जुन्या पेटींत, रुमालांच्या शेजारीं ठेविली आहे.

ओव्या आम्ही पुढच्या रविवारीं ऐकल्या. १२ सेक्टर म्हणजे त्या मुद्रणांतले सुमारें तीन सेकंद. आवाज येतां येतां मध्येंच खरखर होते, एका चरणाचा शेवट बुडतो, आणि पुढच्या ओवीला आजी पुन्हां सुरूं होते. त्या बुडालेल्या जागीं माहेराचें नांव होतें असें आत्या म्हणतात. काकूंच्या मतें तेथें भावाचें नांव होतें, आणि त्यांनीं तें जात्यावर बसून स्वतः ऐकलें आहे. दोघीहि हट्टाला पेटल्या. वहिनींनीं दोन्ही पाठ, म्हणणारीच्या नांवासह, डबीच्या वहींत लिहून ठेविले आहेत.